जाळीत अडकलेलं

१२ मार्च

प्रिय भावोजी,

नमस्कार. जाऊबाईंचा खोकला थांबला का? माझं बरं चाललंय.

विहीर आता पुरती खारट झाली. नदी खोल केल्यापासून समुद्र आत शिरतो. चहासुद्धा मचूळ लागतो. मी साखर वाढवून जिभेला फसवते. परसातलं लिंबाचं झाड शेंड्याकडून वाळत आलंय. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात लिहिलंय की खारं पाणी जड असतं, ते तळातूनच वर सरकत येतं. वरून नदी पहिल्यासारखीच दिसते. तेवढं पान मी कितीदा वाचलं.

तुम्ही लिहिलंत, "वहिनी, ते घर सोडा, आमच्याकडे या." काठ अजून ढासळतोय, हे खरं. मोठं जहाज गेलं की फळीवरची भांडी वाजतात. पण 'येते' असं मला लिहवत नाही.

तुमचं जहाज नदीतून उपसलेला गाळ पाइपातून आमच्या मागच्या पडीक जमिनीवर ओततं. मी रोज सकाळी काठी घेऊन त्यात फिरते. शेजारीण हसते. "काय गं, हंडाबिंडा पुरलाय का कुणी?" मी सांगते, शिंपले गोळा करते. खोटं निभावण्यापुरते शिंपले आणतेही.

परवा तुमच्या जहाजावरचा मेकॅनिक पाइप बघायला आला होता. मला उकरताना बघून म्हणाला, "बाई, उगाच पाय कशाला भरवताय? मुठीपेक्षा मोठं काही इथवर येतच नाही. जहाजावर पाइपाच्या तोंडाशी जाळी आहे ना. दगड, लाकडं, बूट, सगळं तिथे अडकतं. जाळी साफ केली की परत नदीत."

"बूटसुद्धा?"

"बूट तर फार!"

मी घरी येऊन काठी कोपऱ्यात ठेवली. तेव्हापासून पाइपाचा आवाज थांबला, की हे दारात पाय पुसताहेत असं वाटतं. मी उठून बघते.

भावोजी, तुम्ही जहाजावरून मला रोज बघत होता. हातही हलवायचात. जाळीचं तुम्हाला ठाऊक होतं.

गेल्या खेपेला तुम्ही ते वळण खोल केलंत. काठ आतून पोकळ झाला, आणि हे होडी बांधायला उतरले तेव्हा यांच्यासकट खाली गेला. हे सापडलेच नाहीत. काम तुम्हाला नेमून दिलेलं होतं. मी कधी त्याबद्दल बोलले नाही. तुम्हीही त्यानंतर या घरात जेवायला बसला नाहीत.

मेकॅनिक म्हणाला, पुढच्या आठवड्यात परत त्याच वळणावर काम आहे. तुम्ही रजा घ्याल, म्हणून घाईने लिहितेय. घेऊ नका. परक्या माणसाला काय ओळखू येणार? जाळी तुम्ही स्वतः उघडा. त्यातलं काही पाण्यात टाकू नका. पट्टा असो, हाड असो, टॉवेलात गुंडाळून आणा. यांच्या उजव्या बुटाच्या टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला होता. तो तुम्हीच कापून दिला होतात.

काही मिळालं, तर मी तुमच्याकडे राहायला येईन. नाही मिळालं, तरी पत्र पाठवू नका. येऊन समोर बसा आणि सांगा.

यांच्या अंगावरून नदी वाहते आहे तोवर इथेच राहणारी,
तुमची वहिनी