ओळख

प्लेनो, २ जून २०२६

ती. आईस,
सप्रेम जय भीम.

फोनवर मी पळत पळत बोलते म्हणतेस, म्हणून ईमेलवर सावकाश लिहिते आहे. शनिवारी सियाची मुलींच्या फुटबॉल टीमसाठी ट्रायल. गोलकीपरची एकच जागा, आणि कोच कुमेझावा सर. खेळणं सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली, पण जपानच्या टीममधल्या या माणसाचं वेड ओसरायला तयार नाही. सरावाला मुलींपेक्षा बघेच जास्त. त्यांच्या जुन्या नंबरचे शर्ट घालून बापलोक लेकींना ओक्लाहोमाहून ड्राइव्ह करून आणतात. सिया धड जेवत नाही.

बुद्धपौर्णिमेला सर आपल्या मंडळाच्या हॉलवर आले होते, सियानेच त्यांना खीर वाढली. ती आठवण त्यांना करून द्यावी असं मी सुचवलं, तर पोरगी माझ्यावरच उखडली. ओळखीने गेले तर पहिला गोल खाल्ला की सगळ्या तेच म्हणतील, म्हणे. धम्मदीप अर्थातच लेकीच्या बाजूने.

दादा-वहिनींना जय भीम. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी, जागृती

शुगर लँड, ४ जून

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

एवढी गर्दी आणि ओळख असून गप्प बसायचं? आमच्या विहारात युमिकोबाई येतात. सरांचं नाव काढताच सत्तरीच्या बाई चक्क लाजल्या. त्यांच्याकडून सरांच्या अकॅडमीला जपानीत मेसेज करवला: खीर वाढणाऱ्या सियाकडे लक्ष असू द्या. राजाराम चिडला. आई, तू अमेरिकेत येऊनही जिल्हा परिषदेतली कामं करतेस, म्हणाला. म्हणू दे. काम झालंच समज.

पोरीला दूध देत जा. जावयांना आशीर्वाद.
तुझी आई

प्लेनो, ५ जून

ती. आईस,
जय भीम.

हे काय करून बसलीस? सियाला सांगितलं तर ती ट्रायलच कॅन्सल करेल. नाही सांगितलं आणि निवडली गेली, तर मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? धम्मदीप म्हणतो, सांगून टाक.

रागावले आहे, तरी तुझीच,
जागृती

प्लेनो, ७ जून

ती. आईस,
सप्रेम जय भीम.

काल गाडीत सियाला सांगितलं. मैदानावर उतरली ती गर्दीतून वाट काढत थेट सरांकडे. मी मागेच होते. आजीचा मेसेज धरू नका, असं तिने स्पष्ट सांगितलं. सर हसले. असे मेसेज रोज येतात, कोणाच्या काकांचे, कोणाच्या डेंटिस्टचे. मी एकही उघडत नाही, म्हणाले. मग अदबीने विचारलं, तुझं नाव काय?

आई, मला फार लागलं. आपल्यात जेवून गेलेला माणूस, आणि नावही ठाऊक नाही? तुलाही लागेल. पण जिकडे जातील तिकडे हीच गर्दी. त्यांनी तरी किती चेहरे लक्षात ठेवायचे?

आज निकाल आला. सियाला घेतलं. तेव्हापासून ती घरभर नाचते आहे आणि येईल त्याला एकच सांगते आहे, की त्यांनी मला ओळखलंच नाही.

युमिकोबाईंना माझा नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझी, जागृती