ओढ्याच्या उगमाची फीत

लाडक्या आईस,

मी बरा आहे. तुझ्या मक्याच्या पावाची सर मात्र इथे कशालाच नाही.

तू कामाचं विचारलंस. ओढा जिथे सुरू होतो, तिथल्या झाडाला आम्ही फीत बांधतो. फितीच्या वरच्या उतारावर कंपनीला खाणीचा राडारोडा टाकता येतो, खालच्या ओढ्यात नाही. काल दगडाखाली सॅलमँडरची, त्या पाणपालींची, पिल्लं सापडली, म्हणजे पाणी बारमाही; तिथेच मी फीत बांधली.

आज ती ओढ्याच्या पार खालच्या झाडाला होती, म्हणजे कंपनीला तेवढी जास्त जागा; आजोबा तंबाखूच्या जुड्यांना मारायचे त्या गाठीने बांधलेली. ती गाठ आमच्या टोळीत माझ्याखेरीज फक्त ओर्विलमामाला येते.

"वर नुसती ओल आहे रे," मी विचारल्यावर मामा हसून म्हणाला. दगड उलटून बघायला मला त्यानेच शिकवलं होतं, आई!

रविवारी तो तुझ्याकडे येईल. त्याला जेवू घाल, पण माझ्या खुर्चीवर बसवू नकोस.

तुझाच,
डेल्बर्ट