चौथीची पाचवी केली आहे

आई,

फ्रिजवरचा जिम्नॅस्टिक्स स्पर्धेचा फॉर्म मी जिमला घेऊन जातेय. तू पुन्हा चौथी लेव्हल भरलीस, ती खोडून मी पाचवी लिहिलीये. चौथीची दोन सुवर्णपदकं शोकेसमध्ये धूळ खातायत, तिसरं कशाला? पाचवीत शेवटची आले तरी चालेल मला.

बीमच्या अरुंद पट्टीवर उलटी कोलांटी मारताना मी सहा वेळा आपटले, हे दादाने तुला सांगितलंय, ठाऊक आहे मला. सातव्यांदा दोन्ही पायांवर उभी राहिले, ते बरं नाही सांगितलं त्या चुगलखोराने!

खाडाखोडीशेजारी पालकांची सही लागते. तुझी सही मी ठोकणार नाही. सहापर्यंत जिममध्येच आहे, पेन घेऊन ये. आणि आलीसच तर माझी कोलांटी बघ. या वेळी डोळे न मिटता.