काळी पाचवरचा ठिपका

रविवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. यांचा खोकला गेला, धाकटीचा पुढचा दात पडला, लाँड्रीत कपडे वाळवायचं नवीन यंत्र आलं. ते इतकं घुमतं की शेजारचा दुकानदार तक्रार करून गेला. भाऊजींना सांग, त्यांचा डबा परत करायचा राहिलाय.

परवाच भेटलो आणि आज पत्र, म्हणून चकित झाली असशील. समोर असलो की मी बोलते, तू पाटीवर लिहितेस, आणि मला आलेला राग गिळावा लागतो. जिला आवाज चढवता येत नाही तिच्याशी भांडायचं कसं? कागदावर तरी दोघी बरोबरीच्या.

तर भांडते.

गळ्याच्या ऑपरेशननंतर तू तुझी बाजाची पेटी माझ्याकडे पाठवलीस. काळी पाचवर तुझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका तसाच होता. तेव्हापासून मी रोज त्या ठिपक्यावर सा धरतेय, म्हणजे तुझ्या पट्टीत. लहानपणी घरात तुला मैना म्हणायचे आणि मला भोंगा, आठवतं ना? आता भोंग्याने मैनेच्या पट्टीत गायचं! वरच्या सुरांवर गेले की माझ्या मानेच्या शिरा ताठ होतात, आणि तू पाटीवर लिहितेस, 'अजून रियाज हवा.' गरम पाणी झालं, मध झाला, पहाटे उठणं झालं, कामावर लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत गाणं झालं. पालथ्या घड्यावर पाणी. मध्ये गझल करून पाहिली, तर हे म्हणाले, "कुणावर चिडलीयेस का?" सिनेमातली गाणी झाली. समूहगानात उभी राहिले, तिथल्या बाईंनी मला हळूच मागच्या रांगेत नेलं. दर वेळी सुरुवात मात्र ठिपक्यापासूनच. चपला बदलत राहिले आणि माप तेच मागत राहिले. नुसती चिडचिड होते गं आठवलं की!

गेल्या आठवड्यात लाँड्रीत मी आणि माझी कामातली जोडीदारीण चादरींच्या घड्या घालत होतो. यंत्र घुमत होतं. त्याच्या सुरात मी काहीतरी गुणगुणायला लागले. धाकटीला झोपवताना गोष्ट गाऊन सांगते ना, तसलंच, संथ. एकाएकी चादरीचं पलीकडचं टोक खाली पडलं.

"हे कोण गात होतं?"

"मीच. इथे दुसरं कोण आहे?"

"मग रोज जेवणाच्या सुट्टीत कोण गातं?"

मला आधी हसू आलं, नंतर इतका संताप आला की पुढच्या चादरी मी घड्या घालायच्या सोडून चुरगाळल्याच. घरी येऊन पेटीवर माझा सा शोधला. पांढरी दोन. लोक म्हणतील, ही तर पुरुषाची पट्टी. म्हणू देत. गोष्ट सांगितल्यासारखी, खालच्या सुरांतली, सावकाश चालणारी गाणी माझ्या गळ्याची आहेत. तासभर गायले, घसा जराही दुखला नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शनिवारी तुझ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात तुझ्या जागी उभं राहून मी तुझी गाणी म्हणणार नाही. परवा तालमीत माझा आवाज फाटला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तुझे ओठ माझ्याबरोबर हलत होते आणि हात स्वतःच्या गळ्यावर होता. परत येताना बसमध्ये मी रडले. ताई, तुझा आवाज गेला. तो माझ्या गळ्यातून परत येणार नाही. भाऊजींना हे तुला सांगायचा धीर होत नाही, म्हणून मी सांगतेय. हवी तेवढी रागाव. पाटीभर शिव्या लिही.

पण शनिवारी ये. मी माझी गाणी म्हणेन, लोक उठून गेले तर जाऊ देत. तू पुढे बस आणि ओठ हलवू नकोस. ही गाणी तुला येत नाहीत. नुसती ऐक.

ठिपका मी पुसलेला नाही. पेटीच्या खणात तुझी नेलपॉलिशची बाटली सापडली, तिच्यातलाच दुसरा ठिपका पांढरी दोनवर लावलाय.

तुझीच,
भोंगा