नातीच्या बंदुकीत छत्रीची स्प्रिंग

धाकट्या, माझ्या नातीला खेळातली बंदूक पाठवायचीच होती, तर जिची गोळी पुढे जाते अशी तरी पाठवायचीस. तुझ्या बंदुकीतली फोमची गोळी निघते, वाटेत विचार करते आणि पोरीच्याच पायाशी येऊन बसते. मी नुसती शिंकले तरी ती याहून पुढे पळेल.

आता आशीर्वाद घे. गुडघे कसे आहेत? भावजयीचा खोकला थांबला का? (नसेल तर तिला म्हणावं, फोनवर जरा कमी बोल.) इथे सगळे बरे आहेत. मी तर फारच बरी आहे, का ते पुढे वाच.

सुट्टीच्या दिवशी इमारतीतली पोरं जिन्यात दोन बाजू करून बंदुकांची लढाई खेळतात. आपल्या पोरीची गोळी कठड्यापलीकडे जाईना, तेव्हा त्यांनी तिला काम काय द्यावं? पडलेल्या गोळ्या वेचायचं. हातात टोपली देऊन! कार्टी मुकाट्यानं वेचत होती. रडली असती तर मी लक्षही दिलं नसतं.

दुपारी घर रिकामं झालं तशी मी ओट्यावर बंदूक आडवी घातली आणि स्क्रू काढले. (तुझ्या लाडक्या भाच्याला घरात स्क्रूड्रायव्हर कुठे असतो हे अजून ठाऊक नाही.) झाकण उघडताच स्प्रिंग जी उडाली ती पिठाच्या डब्यात सापडली. पण आतला कारभार मला कळला. मागे ओढलं की स्प्रिंग दबते, चाप दाबला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवा गोळीला ढकलते. सायकलचा पंपच की! आणि दट्ट्यावरचं रबरी कडं इतकं ढिलं की सगळी हवा बाजूनं पळत होती. आधी मी त्याला खायचं तेल लावलं. ती चूक माझी नाही, तेल पातळ होतं. गोळी तेलात न्हाऊन निघाली आणि हॉलच्या भिंतीला डाग पडला. सूनबाईनं विचारलं तेव्हा मी नुसतं लेकाच्या तेल चोपडलेल्या डोक्याकडे पाहिलं.

मग नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी कड्याखाली गुंडाळली. नळीच्या तोंडाशी हवा अडवायला एक प्लॅस्टिकची जाळी होती (बनवणाऱ्यालाच आपल्या बंदुकीची भीती!), ती विणायच्या सुईनं उचकटली. आणि स्प्रिंगच्या पोटात दुसरी स्प्रिंग सरकवली, लेकाच्या बटणाच्या छत्रीतली. आता तो बटण दाबतो, छत्रीकडे बघतो आणि दुकानदाराला शिव्या देतो. देऊ दे, तेवढाच व्यायाम.

गोळी ओट्यापासून सुटली ती हॉल ओलांडून पडद्यावर आदळली. मी मोठ्यानं शाबास म्हटलं. घरात दुसरं होतं कोण म्हणायला?

पण बंदूक एवढी कडक झाली की पोरीला ओढवेना. माझे हात जन्मभर चादरी पिळलेले. म्हणून मी जिन्यात उशी टाकून बसले. मी ओढायचं, तिनं झाडायचं. (डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय एकालाही खेळू दिलं नाही.) तळमजल्यावरच्या शिंप्याचं पोर त्यांचा सेनापती. पुठ्ठ्याची ढाल धरून दात काढत होता. पहिलीच गोळी ढालीवर अशी बसली की ढाल टाकून तो आईला हाका मारायला लागला. संध्याकाळी टोपली त्याच्या हातात!

लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस हत्यारं खाली ठेवून बघत राहिला. म्हणाला, "आजी, कुणी शिकवलं हो?"

म्हटलं, "भावानं. भिकार बंदूक पाठवून."

असो. तब्येतीला जप.

तुझी थोरली

ता. क. शिंप्याच्या पोरानं नियम काढलाय, आपली बंदूक आपणच ओढायची. म्हणजे आपली पोर पुन्हा गोळ्या वेचणार. मूळची स्प्रिंग आता बसकी झाली आहे. तुझ्या कुलपांच्या दुकानात स्प्रिंगा पडलेल्या असतात, तिला ओढवेल अशी एक लगेच पाठव.

आणखी ता. क. तसलीच एक बंदूकही पाठव. ती मला. समोरच्या बाजूला एक जण कमी आहे, त्यांनी मलाच विचारलं. पोरीला सांगितलं, जिन्यात नातं नाही. तर म्हणते, "ये आजी, तुला बघून घेते." माझ्यावर गेली आहे! तेव्हा तिची स्प्रिंग जरा बेताचीच निवड. आणि उत्तर तूच लिही, भावजयीला लिहू देऊ नकोस, ती पोरीला फोन करून सगळं सांगेल.