फुगेवाले झुडूप आणि माझ्या बायकोचे नाव

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा चष्मे घडवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल मला तपासून तसे लेखी दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. रागात मात्र आहे. रागात लिहिलेले चालते का, असे डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "राग आला म्हणून माणूस वेडा ठरत नाही, काका. तसं असतं तर आधी मलाच आत टाकावं लागलं असतं." तेव्हा रागासकट लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढची कामाची खोली आणि मागचे अंगण. हे मी आणि माझ्या बायकोने आमच्या कमाईतून घेतले. तिच्या पश्चात ते माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझ्यानंतर ते संपूर्णपणे आमच्या मुलीचे. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याचा घरावर, अंगणावर किंवा अंगणातल्या मातीवर कसलाही हक्क नाही. "ताईचं माहेर म्हणजे मीच" असे तो चारचौघांत म्हणतो. असेल. पण हे तिचे माहेर नव्हते, हे तिचे घर होते.

कलम २. बँकेत जी शिल्लक असेल ती मुलीची. फार नाही, म्हणून फार लिहीत नाही.

कलम ३. काच घासायचे चाक, फ्रेम वाकवायचे चिमटे आणि नजर तपासायच्या भिंगांची पेटी चौकातल्या चष्म्याच्या दुकानाला द्यावी. तिथल्या मालकाने मला कधी चांगले म्हटले नाही, पण माझे काम कधी परतही पाठवले नाही. भिंगांच्या कडा घासायचा बारीक दगड यातून वगळावा. तो कलम ५ प्रमाणे जाईल.

कलम ४. मागच्या भिंतीलगत करड्या पानांचे, कमरेएवढे झुडूप आहे. ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे. पुस्तकी नाव सदरलँडिया. आमच्या घरात त्याला फुगेवाले म्हणतात, कारण लाल फुले गेली की त्याला कागदी फुग्यासारख्या पोकळ शेंगा लागतात. मुलगी लहानपणी त्या दोन बोटांत धरून फोडायची.

बायको रुग्णालयाच्या कपडेखात्यात होती. धुतलेल्या चादरी, गाऊन, अभ्रे मोजून वॉर्डांत पोचवण्याचे काम. तिथे त्या मुलखातली एक परिचारिका होती. नोकरी सोडून घरी परतताना तिने बायकोच्या हातावर चिमूटभर बी ठेवले आणि म्हणाली, "ताप-खोकल्याला, पोट बिघडलं की आमची आजी याचा काढा देते. फार कडू असतो. पण आजी त्याहून कडू आहे." बियांपेक्षा बायकोला हे बोलणेच जास्त आवडले असावे, कारण ती ते येईल त्याला सांगत असे.

बी काही उगवेना. दोनदा पेरले, दोनदा मातीतच राहिले. कवच दगडासारखे. मग मी एक बी भिंगाच्या दगडावर एका बाजूने हलकेच घासले, आतला फिकट भाग दिसेपर्यंत. ते गरम पाण्यात टाकून ठेवले, सकाळी टम्म फुगलेले होते. वाळूत खोवले आणि ते वर आले. तेव्हापासून घासणे माझ्याकडे आणि बाकी सगळे तिच्याकडे. "माणसांचे डोळे झाले असतील तर आता बियांचे उघडा," असे म्हणून ती वाटी पुढे करायची.

हे झुडूप चार-पाच वर्षांत संपते. त्याची जागा नव्या रोपाने घ्यावी लागते. म्हणून घरासारखे ते कोणाच्या नावावर करता येत नाही. बी देता येते आणि पेरण्याची सवय लावता येते.

कलम ५. बरणीतले बी आणि तो बारीक दगड शेजारच्या शिवणाच्या बाईंना द्यावा. त्या घरी शिवणवर्ग चालवतात. त्यांनी मागितले म्हणून नव्हे, सांगितलेले ऐकतात म्हणून देतो. त्यांनी ध्यानात ठेवावे: दिवसभराचे ऊन पाहिजे. माती वाळू मिसळलेली. पाणी माती पुरती सुकल्यावरच, आणि तेही हात राखून. खत अजिबात नको. एकदा लावले की हलवायचे नाही. याच्या मुळाला धक्का लागला तर ते रुसते आणि मग कोणाच्या बापाचे ऐकत नाही. शेंडे खुडत राहावे, नाहीतर लांबोडके वाढते. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात.

कोणी पाने मागायला आले तर आधी डॉक्टरांना विचारून या, असे सांगावे. बाई म्हणाल्या, "भाऊ, मी दारावर पाटीच लावते." बाईंना बी दिल्यामुळे त्यांची साक्ष या कागदावर घेतलेली नाही. त्यावरून त्या फुरंगटल्या. "म्हणजे बी घेतलं आणि मी खोटारडी झाले का?" तसे नाही, कायदा तसा आहे.

कलम ६. माझ्या मेहुण्यास या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. कारणे खालीलप्रमाणे.

तो घरांची दलाली करतो. मऊ लागले की कोपराने खणणारा माणूस. त्याच्या ताईला छातीचा कर्करोग झाला तेव्हा त्याने फोनवर कुठेतरी वाचले की त्या मुलखात काही लोक या रोगावर हेच झुडूप वापरतात. लगेच आला. "ताई, औषध तुझ्या अंगणात आणि तू रुग्णालयात रांगा लावतेस! काखेत कळसा म्हणतात तो हा." बायकोने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, उपचार चालू आहेत तोवर पाने घेऊ नका, आमच्या औषधांशी त्यांचे कसे जुळेल ते आम्हाला माहीत नाही. ती खोकल्याला अधूनमधून काढा घ्यायची, तोही तिने बंद केला. हे तिने स्वतः केले. मी फक्त शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

पुढे तिला दाखल केले तेव्हा झाडाला पाणी घालतो म्हणून त्याने घराची किल्ली घेतली. त्याला पाने भराभर हवी होती. चांगले बहरलेले झुडूप त्याने मुळासकट उपटून मोठ्या टपात लावले, त्यात शेणखत ठासले आणि दोन्ही वेळ नळी सोडली. पाने पिवळी पडली तेव्हा आणखी पाणी घातले. आम्ही घरी आलो तर टपात काटक्या आणि चिखल. तो म्हणाला, "दाजी, माझ्याकडून तर काहीच कमी पडलं नाही!" खरे आहे. कमी काहीच पडले नव्हते.

झुडूप मरण्याआधी त्याची जेवढी पाने हाती लागली, तेवढी वाळवून, कुटून मेहुण्याने बाटल्यांत भरून विकायला काढली. बाटलीवर माझ्या बायकोचा फोटो आणि खाली "मी बरी झाले". हे आम्हाला कळले ते एक अनोळखी बाई बाटली घेऊन दारात आल्यावर. तिला अजून बाटल्या हव्या होत्या. बायकोला बघून तिने हातच जोडले. "ताई, तुमच्याकडे बघून हिंमत आली हो. लेकीची इंजेक्शनं बंदच केली आम्ही."

बायको पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होती. तिने डोक्याचा रुमाल सोडला. एक केस नव्हता. म्हणाली, "हे बघा. मी बरी झालेली नाही. मी परवाच इंजेक्शन घेऊन आलेय. लेकीला घेऊन उद्या जा तिकडे. उद्या नाही, आत्ता जा." आणि मला म्हणाली, "गाडी बोलवा हो यांच्यासाठी."

त्या बाईला आमचाच राग आला. "मग फोटो कशाला दिलात?" म्हणाली आणि गेली. गाडीसाठी थांबली नाही. बाटली बरोबर घेऊन गेली. तिच्या लेकीचे काय झाले ते मला माहीत नाही. मी तिला शोधले, ती सापडली नाही.

बायकोने भावाला बोलावून घेतले. "काय रे, मी बरी झाले हे मला कधी सांगणार होतास?"

"ताई, होशीलच ना! मी नुसतं आधी लिहिलं."

त्यानंतर बाटल्या बंद केल्या असे तो सांगतो. त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

कलम ७. तो फोटो समोरच्या स्टुडिओत काढलेला होता. स्टुडिओवाल्याने प्रत दिली, कारण मागणारा सख्खा भाऊ होता. "मला काय कल्पना! मला वाटलं, घरात लावायचाय," असे तो म्हणाला आणि मूळ फोटो माझ्यासमोर नष्ट केला. माझ्याकडची एकमेव प्रत मुलीची. तिची नक्कल कोणालाही काढू देऊ नये. माझ्या फोटोचेही तेच.

कलम ८. आजचे झुडूप बायकोने शेवटच्या वर्षी पेरलेले आहे. मुलगी म्हणते, "बाबा, ते उपटून टाका. मला बघवत नाही."

मी म्हटले, "झाडानं काय केलंय?"

"झाडानं काही नाही केलं. मामा येऊन त्याच्याकडे बघतो ना, ते बघवत नाही."

घर तिचे, अंगण तिचे. ठेवायचे तर ठेवावे. उपटायचे तर तिने स्वतःच्या हाताने उपटावे, मामाला सांगू नये. माझी काही अट नाही. इच्छा आहे, पण ती इथे लिहून तिच्यावर ओझे टाकत नाही.

कलम ९. बायको गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेले असताना मेहुणा सर्वांसमोर म्हणाला, "दाजींनी पानं सोडायला लावली. नाहीतर ताई आज इथे बसलेली असती." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मुळात बोलणारा माणूस नाही. आजही रस्त्यात लोक मला विचारतात, खरंच का हो? म्हणून हे एवढे लिहिणे.

मी गेल्यावर माणसे जमतील तेव्हा मुलीने पुढील मजकूर मोठ्याने वाचावा. मेहुण्याला उठून जाऊ देऊ नये. त्याला पुढची खुर्ची द्यावी.

"माझ्या बायकोने पाने सोडली, ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि स्वतःच्या विचाराने. पाने सोडल्यामुळे ती गेली नाही. पाने घेतली असती तर वाचली असती, असे सांगणारा खोटे बोलतो. तिने सगळे उपचार घेतले. एकही चुकवला नाही. वेळेवर गेली, सांगितले ते केले आणि तरीही गेली. माझी, डॉक्टरांची, झाडाची, कोणाचीच चूक नव्हती. कोणाची तरी असती तर मला सोपे गेले असते."

वाचून झाल्यावर मेहुण्याला चहा द्यावा. तो तिचा भाऊ आहे आणि तिच्या उशाशी बसून तो खरोखर रडला होता, ते मी पाहिले आहे. वाटणीत मात्र त्याला काही नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खोडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ: राहते घर, कामाची खोली
दिनांक: ९ मार्च २०१९, शनिवार

सही: (चष्मे घडवणारा)

साक्षीदार १: (उपचार करणारे डॉक्टर. बायकोचेही हेच होते.)

साक्षीदार २: (समोरचा स्टुडिओवाला)