सुनंदाला वाचून दाखवलेल्या कविता

२ जानेवारी, गुरुवार. गंगाखेड

सहावी कविता झाली. चार वाजता, चहानंतर. सुनंदा उशीला टेकून. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. टाके काढून आठ दिवस झाले. काढलेली गाठ पुढच्या तपासणीसाठी हैदराबादला गेली आहे. रिपोर्टला तीन आठवडे तरी लागतील, असे परभणीचे डॉक्टर म्हणाले. ते तीन आठवडे कसे काढायचे, हा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला: एका आधुनिक इराणी कवयित्रीची चोवीस कवितांची मालिका, रोज एक, फारसीतून तोंडी मराठी करत. विषय, आईचे आजारपण. परभणीच्या परिसंवादासाठीचा माझा निबंध याच मालिकेवर आहे, हे खरे कारण. निवड शहाणपणाची होती का, ते...

सु. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "दुसरं काही न्हवतं का त्या इराणात?"

पण ऐकते. चाळीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी सांगितलेली बाई. ऐकण्यातही शिस्त आहे.

आज समजावून सांगितले. घटना ज्या क्रमाने घडतात तो एक क्रम. त्या ज्या क्रमाने सांगितल्या जातात तो दुसरा. सामान्य विलापिकेत दोन्ही क्रम हातात हात घालून चालतात: आजार, मृत्यू, रिकामे घर. ही कवयित्री मात्र रिकाम्या पलंगापासून आरंभ करते. दुसऱ्या कवितेत शेवटचा श्वास, पाचवीत ओला कापूस ओठांवर, आज सहावीत आई डोळे उघडून खिडकीकडे पाहते. काळ मागे जातो, वाचक पुढे जातो.

"म्हंजे शेवटी बरी होती."

"बरी होत नाही. आधी बरी होती, तिथवर आपण पोहोचतो."

"ऐकणाराला काय फरक हाय?"

हे वाक्य निबंधात घ्यायचे. वाचकाच्या प्रतिसादावर एवढे ग्रंथ आहेत, पण इतके थोडक्यात कुणी मांडलेले मला आठवत नाही.

६ जानेवारी, सोमवार

दहावी. आई स्वतः चमचा धरते. चमच्यातले सूप सांडते, आणि मुलगी ते पुसण्याऐवजी चादरीवरच्या डागाचा आकार पाहत बसते. दोनदा वाचायला लावली.

निबंध बारा पाने. सूत्र पक्के झाले आहे: आधुनिक फारसी कविता शोकाची दिशाच उलटवते, आणि त्या उलटवण्यात एक राजकीय अर्थ आहे. जे नष्ट झाले त्याच्याकडे चालत जाणे. या अंगाने काही अरबी कथाही तपासायला हव्यात. तिथे निर्वासितांच्या कथनांत घराकडे परत जाणारी अशीच चाल दिसते. (टिपण वेगळे करणे.)

तेराव्या कवितेत एक अडचण आहे. मुलगी म्हणते, "अजून वेळ आहे." मृत्यू आधीच सांगून झाला असताना हे वाक्य कसे? तळटीप लिहिली: 'कालभानाचे विडंबन'. थोडी ओढून ताणून वाटते. राहू द्यावी.

९ जानेवारी, गुरुवार

तेरावी. आई मुलीला केस विंचरायला सांगते. सु.ने मध्येच थांबवले, फणी मागितली, डाव्या हाताने स्वतःचे केस विंचरले. भांग वाकडा पडला. म्हणाली, "कॉलेजात असंच शिकिवता का? पोरी फण्या घेऊन बसत असतील."

जेवणात अर्धी भाकरी जास्त. कवितेचा परिणाम, असे म्हणण्याचा मोह झाला. पुरावा नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

उस्ताद आले. पाथरीहून एस.टी.ने, एकटे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, खिशात तिळाच्या वड्या. मी नोकरीला नवा लागलो तेव्हा दर रविवारी पाथरीला जाऊन ज्यांच्याकडे फारसी शिकलो ते हमीदसाहेब. उर्दू प्राथमिक शाळेत जन्मभर मास्तर. फारसी घरच्या वळणाची. ऑपरेशननंतर सु.ला पहिल्यांदाच भेटले. "बेटी, तब्येत कशी?" एवढेच विचारले आणि पलंगाजवळच्या खुर्चीत बसून कवितांची स्पायरल घातलेली वही चाळायला घेतली.

खिशातून भिंग काढले. पाने पुढे, मागे. पुन्हा पुढे. मग मला खुणेने ओसरीवर नेले.

"दत्ता, हे कोणत्या बाजूनं वाचायलास तू?"

"उजवीकडून. फारसी आहे."

"बांधलं कुणी?"

सांगितले. हैदराबादच्या एका ग्रंथालयातून माझ्या जुन्या विद्यार्थिनीने एका जाड ग्रंथातून फक्त ही मालिका झेरॉक्स करून पाठवली. एका कागदावर एक कविता, शीर्षके नाहीत, क्रमांक नाहीत, यंत्रात पानांची खालची कड कापली गेलेली. सुटे कागद मी इथे स्टँडजवळच्या दुकानात स्पायरलला दिले.

उस्तादांनी कड दाखवली. कापलेल्या पृष्ठक्रमांकांची फक्त डोकी उरलेली. "दुसरीच्या पोरांना मी उर्दू-फारसी अंक असेच शिकवायचो. सात वरून उघडा. आठ वरून टोकदार. नवाला गोल डोकं. आता तू वाचतो तसं बघ."

गोल. टोकदार. उघडा.

नऊ, आठ, सात.

दुकानदाराने नेहमीच्या सवयीने डाव्या कडेला स्पायरल घातली. मी स्पायरल उजवीकडे हवी म्हणून वही पालथी केली, आणि तिथून वाचू लागलो. तो मराठी पुस्तक बांधत होता, मी फारसी पुस्तक उघडत होतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. कविता मात्र शेवटाकडून सुरू झाल्या.

म्हणजे कवयित्रीने काहीही उलटवलेले नाही. आई गच्चीवर, स्वयंपाकघरात, पलंगावर, आणि मग पलंग रिकामा. साधा, सरळ, जगातला सर्वांत जुना क्रम.

मी तळटिपेबद्दल सांगितले. उस्ताद इतके हसले की खोकला लागला. मग आत पलंगाकडे पाहिले.

"निबंध दुरुस्त होतो मियाँ. बेटीला काय वाचून दाखवलंस, ते बघ."

चार वाजता त्यांच्यासमोरच अठरावी वाचली. त्याच दिशेने. दुसरे काही सुचले नाही. आई भिंतीला धरून चार पावले चालते. सु. उस्तादांना म्हणाली, "बघा, उठून चालायलीय." उस्तादांनी हौ म्हटले आणि भिंग पुसत राहिले.

१५ जानेवारी, बुधवार

संयोजकांना फोन केला. निबंध मागे घेतो किंवा नव्याने लिहितो, म्हटले. गृहस्थ सज्जन. "कशाला सर? तुमचा लय भारी झालाय. आणि इथं फारसी कोण वाचायलंय?"

कोणी नाही, हे खरे. परभणीच्या त्या सभागृहात माझी चूक पकडू शकेल असा एकही माणूस नसेल. म्हणूनच.

नव्याने लिहायला बसलो. एकोणिसावीही वाचली. उलट क्रमाने, जाणूनबुजून. आवाज नीट लागला नाही. सु.ने विचारले, "घसा धरलाय का?" हो म्हणालो. तिने मला हळद-दूध घ्यायला लावले.

१७ जानेवारी, शुक्रवार

एकविसावी. आई मुलीला मीठ कमी पडल्याबद्दल बोलते.

संध्याकाळी तिची धाकटी बहीण सोनपेठहून फोनवर. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. सु.चा आवाज, हसरा, बऱ्याच दिवसांनी मोठा: "अगं, आमच्या कवितेतली माय आता स्वयंपाकघरात गेली. आल्याबरूबर पोरीला बोलायलीय. तीन राहिल्यात आता. तवर माझा कागद येतो बघ."

एकाच उत्तरपत्रिकेला दोनदा गुण दिले.

मी तिला धीर दिला असे इतके दिवस मानत होतो. दिला तो एका चुकलेल्या बांधणीने. आता ती चूक नाही. मंगळवारपासून ते माझे कृत्य आहे. फरक नीट मांडला पाहिजे: न कळून उलटे वाचणे हा अपपाठ, कळून उलटे वाचणे याला काय म्हणतात, ते...

उद्या सांगायचे.

१८ जानेवारी, शनिवार

सांगितले. चार वाजता, वही तिच्या मांडीवर ठेवून, अंकांची डोकी दाखवून, पद्धतशीर. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता येत नाही.

तिने पाने चाळली. अक्षर एक कळत नाही तिला, पण बराच वेळ चाळली.

"म्हंजे ती मरती."

"हो."

"आन् हे तुमाला कधी कळलं?"

"संक्रांतीला."

तिने बोटांवर मोजले. शाळेत हजेरी मोजायची तसे. "मंगळ, बुध, गुरू, शुक्र. चार दिवस तुमी माझ्यापुढं बसून, माहीत असून..."

मी म्हणालो, तुझ्या मनावर...

"माझ्या मनावर काय? ती मेली तर मी रडले असते. रडू दिलं असतं. चाळीस वर्षं मी पोरांना गोष्टी सांगितल्या, राक्षस खातो ते पान कधी चिकटवून ठेवलं न्हाई."

तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"कवितेचं मला काही न्हाई. पण आज ही लपविली, उद्या तो कागद लपिवचाल. डॉक्टरला आधी फोन लावचाल, मग चेहरा नीट करून माझ्याकडं याल. आन् मी तुमच्या चेहऱ्यावरून वळखीत बसू? ते न्हाई चालायचं. पाकीट आलं की फोडायचं न्हाई. डॉक्टरशी बोलायचं न्हाई. पाकीट माझं हाय."

कबूल केले.

"आन् कविता बास झाल्या."

१९ जानेवारी, रविवार

चार वाजता चहा. वही कपाटावर. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, जागी. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग. एकाने बराच वेळ हॉर्न वाजवला.

निबंध लिहून पूर्ण केला. आठच पाने झाली.

आज एवढ्यासाठी लिहितो आहे की दुपारी पाणी द्यायला गेलो तेव्हा तिने पेला घेतला आणि माझा हात सोडला नाही.

२० जानेवारी, सोमवार. परभणी

परिसंवाद. सु.नेच पाठवले: "जा. घरात बसून माझ्या तोंडाकडं बघत बसू नका."

सुरुवातीलाच सांगितले की या निबंधाचे पहिले रूप संपूर्णपणे एका स्पायरलच्या चुकीवर उभे होते. सभागृह हसले, हसू दिले. मग टप्प्याटप्प्याने मांडले. एक, क्रम उलटला की अर्थ उलटतो, आणि मी तो अर्थ विद्वत्तेने सिद्धही केला होता. म्हणजे आमची सैद्धांतिक साधने इतकी सोयीची आहेत की ती चुकीच्या पाठावरही तितक्याच डौलाने चालतात. दोन, 'अजून वेळ आहे' या ओळीला मी विडंबन म्हटले होते. खऱ्या क्रमात ती मुलीची साधी, वेडी आशा आहे, आणि म्हणून कितीतरी अधिक भेदक. पाठाने मला तिथेच अडवले होते. मी तळटीप घालून पुढे गेलो. तीन, कवयित्रीने निवडलेला सरळ क्रम धाडसाचा आहे. शेवट ठाऊक असताना सुरुवातीपासून, एकही दिवस न गाळता, त्याच्याकडे चालत जाणे.

तिसरा मुद्दा बोलताना कागदावरून नजर वर घेता आली नाही.

एका मुलीने विचारले, "सर, मग चुकीचं वाचताना जो आनंद झाला, तो खोटा का?" उत्तम प्रश्न. तिचे नाव लिहून घ्यायला हवे होते.

पाचच्या गाडीने परत. सु. जागी. "काय म्हणाले लोक?" हसले, म्हणालो. त्या मुलीच्या प्रश्नाचेही सांगितले. "हसणारच." मग थोड्या वेळाने, "त्या पोरीचा प्रश्न काय होता म्हणलात?" पुन्हा सांगितला.

२२ जानेवारी, बुधवार

पाकीट आले. दवाखान्याचा माणूस कामासाठी गंगाखेडला येत होता, त्याने दारात दिले. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

पाकीट तिच्या हातात दिले. ती उठून बसली. चष्मा लावला. एका हाताने कड फाडता येईना. मी पुढे झालो, तिने मानेने नको म्हटले. दातांनी फाडले. दोन कागद. पहिला वाचला, दुसरा वाचला, पहिला पुन्हा वाचला. अहवाल इंग्रजीत, बारीक अक्षरांत. तिला किती कळले आणि किती नाही, मला सांगता येत नाही. आयुष्यभर मी मुलांना शिकवत आलो की मजकुरातल्या रिकाम्या जागा वाचक भरतो. आज माझ्यासमोर फक्त तिचा चेहरा होता, आणि मी एकही जागा भरण्याचे धाडस केले नाही.

तिने कागदांची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट मांडीखाली. मी हात पुढे केला.

"देते. आधी ती वही आणा कपाटावरची."

आणली.

"पहिल्यापासून. तिनं लिवलं तसं. रोज एक."

"चोवीस दिवस लागतील."

"लागू द्या."

मी स्पायरल डावीकडे केली. पहिल्या पानावर आई गच्चीवर आहे. हिवाळ्यातल्या दुलया उन्हात टाकताना खाली अंगणातल्या मुलीला हाक मारते आहे, आणि मुलगी मुद्दाम ओ देत नाही, म्हणजे आई पुन्हा एकदा हाक मारील. ही ओळ मी दोनदा वाचली. सु.ने पाय थोडे आखडून पलंगावर मला जागा केली.

"इकडं बसून वाचा," म्हणाली. "आन् सावकाश."